चार ओळींचा तास

बाईंनी चोवीस वर्षं कॉलेजात साहित्य शिकवलं आणि पंचविसाव्या वर्षी त्यांचा विभागच बंद झाला. मुलं येईनाशी झाली होती. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुली आणि एक मुलगा होता. त्यातला मुलगा चुकून त्या वर्गात आला होता आणि केवळ भिडेखातर वर्षभर बसला. संस्थेने बाईंना घरी पाठवलं नाही, संस्थेच्याच नर्सिंग शाळेत पाठवलं. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘भाषा’ नावाचा एक विषय होता. आठवड्यातून एकच तास, शुक्रवारी दुपारी दोन ते तीन.

त्या वेळेपर्यंत मुली सकाळी सातपासून वॉर्डात उभ्या राहून आलेल्या असत. पोटात नुकतंच जेवण गेलेलं असे. वर्गात दोन पंखे होते आणि चालायचा एकच, त्यामुळे त्याच्याखालची बाकं आधी भरत. कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा होता. त्याच्या शेजारी उभ्या राहून बाई तीनशे चाळीस पानांची कादंबरी शिकवायला लागल्या. कादंबरी त्यांची लाडकी होती आणि त्या वाचायच्याही फार छान. पण तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी पुस्तकातून मान वर केली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या वर्गात डोळे सताड उघडे ठेवून ऐकणारा तेवढा तो सांगाडाच आहे.

मुलींवर रागवावं असंही त्यांना वाटेना. झोपलेल्या मुलींच्या तळहातांवर पेनाने आकडे लिहिलेले दिसत होते, कुणाचा ताप, कुणाची नाडी. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र जागी होती. चुणचुणीत, प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी. मैत्रिणी तिला ‘वकील’ म्हणत. तिने कादंबरी एका आठवड्यात संपवली होती आणि आता ती बाईंना पुढचं काय ते आधीच सांगून टाकायची. आणि शेवटच्या बाकावर एक बाई होत्या, त्रेचाळीसच्या आसपास. वॉर्डात सतरा वर्षं मावशी म्हणून काम केलेल्या. नव्या नियमाप्रमाणे पुढची जागा मिळायला प्रमाणपत्र लागणार होतं, म्हणून बाहेरून दहावी करून त्या अठरा वर्षांच्या पोरींत येऊन बसल्या होत्या. वॉर्डात त्यांना सगळे मावशी म्हणत, वर्गातही तेच नाव राहिलं. मावशी झोपत नसत. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्या वाचत. पण बाई पान उलटत तेव्हा मावशींचं बोट अजून वरच्या चौथ्या ओळीवर असे. मग त्या मुकाट्याने पुस्तक मिटून ऐकत बसत.

एका शुक्रवारी हजेरीपटावर सही हवी म्हणून बाई वॉर्डात गेल्या. ड्यूटीवरच्या सिस्टर औषधं वाटत होत्या, म्हणून बाई टेबलापाशी थांबल्या. टेबलावर पाळी बदलतानाची वही उघडी होती. एका पाळीच्या सिस्टरने दुसरीसाठी प्रत्येक खाटेचं दोन-तीन ओळींत लिहून ठेवायचं, अशी ती वही. वाचायचं म्हणून नव्हे, पण वाचणाऱ्याची नजर कुठे राहते? एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘ताप उतरला. मुलगा आला का, दोनदा विचारलं. हो म्हटलं. आला नव्हता.’

बाई तिथेच उभ्या राहिल्या. सही झाली, सिस्टर गेल्यासुद्धा, तरी त्या उभ्याच. मग सिस्टरना परत बोलावून त्यांनी विचारलं की खाटेचा नंबर न सांगता हे वर्गात वाचलं तर चालेल का. सिस्टरना त्यात वाचण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. चालेल म्हणाल्या.

दोन वाजता बाईंनी कादंबरी पिशवीतून काढलीच नाही. फळ्यावर तेवढ्या चार ओळी लिहिल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या.  मग मधल्या बाकावरून एकीने विचारलं, हो कोण म्हणालं? दुसरी म्हणाली, नर्स म्हणाली, आणखी कोण. वकील लगेच उठली. नर्सने खोटं बोलणं नियमात बसतं का, असा तिचा मुद्दा होता. त्यावरून अर्धा वर्ग जागा झाला आणि उरलेल्या अर्ध्याला त्या गोंधळाने जाग आली. ती नर्स घरी गेल्यावर जेवली असेल का, इथपर्यंत गाडी गेली. तीन कधी वाजले ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी घरातलं कपाट उपसलं. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती, जुन्या मासिकांतून कापलेल्या छोट्या कवितांची, पानभर गोष्टींची. आयुष्यभर त्यांनी मोठ्या ग्रंथांवर जीव लावला आणि ही कात्रणं येता जाता आवडली म्हणून ठेवून दिली. शिकवण्याच्या लायकीची आहेत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता त्या जमिनीवर मांडी घालून एकेक कात्रण सरळ करत बसल्या.

शाळेच्या प्राचार्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बाईंनी सोमवारी त्यांना जाऊन सांगितलं की कादंबरी बाजूला ठेवते, अभ्यासक्रमात ‘किंवा निवडक लेखन’ असं आहे, ते घेते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मुली पास झाल्या पाहिजेत, बाकी तुम्ही त्यांना काहीही वाचायला द्या. आणि जाता जाता म्हणाल्या की जरा लहान असेल ते द्या, पोरी दमतात हो.

मग दर शुक्रवारी एक कविता किंवा एक गोष्ट, पानाच्या पलीकडे जाणार नाही अशी. बाई ती फळ्यावर लिहीत किंवा झेरॉक्स वाटत. कवीला काय म्हणायचं आहे, हा प्रश्न विचारणं त्यांनी बंद केलं. त्या दोनच गोष्टी विचारत. काय दिसलं, आणि कुठे अडलात?

दुसऱ्याच आठवड्यातली कविता ही होती:

दार उघडं ठेवून
ती भांडी घासत बसते.
येणाऱ्याला हाक मारायला नको,
आणि जाणाऱ्यालाही.

वकील म्हणाली, ती वाट बघतेय, सरळ आहे. तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला. आत्तापर्यंत त्या वर्गात आपणहून कधी बोलल्या नव्हत्या.

“वाट बघणारी भांड्यांचा आवाज करत नाही. तिचे कान दाराशी असतात,” मावशी म्हणाल्या.

वकील मागे न वळताच म्हणाली, “मावशी, ती मुद्दाम आवाज करते. येणाऱ्याला कळावं, घरात कुणी आहे म्हणून.”

“असेल. मग जाणाऱ्याचं काय?”

  सगळ्या मुली हसल्या, आणि बाईंना दिसलं की वकीलही मान खाली घालून हसते आहे.

तास संपल्यावर मावशी कागद घडी करून पिशवीत ठेवताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “संपली.” बाईंनी विचारलं, काय संपलं? मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, सगळ्यांच्या बरोबर माझंही वाचून झालं, एवढंच. बाई त्या दिवशी घरी जाताना हे एकच वाक्य घोळवत गेल्या. आपण वर्षानुवर्षं पुढे पळत होतो आणि कुणाचं बोट कुठल्या ओळीवर आहे ते पाहतच नव्हतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दिवाणखान्याला रंग द्यायचा म्हणून बाई महिनाभर बहिणीकडे राहायला गेल्या आणि त्यांची नेहमीची बस बदलली. एका शुक्रवारी शाळेत काम होतं म्हणून त्या पहाटेच निघाल्या आणि नव्या बसमध्ये मागच्या सीटवर बसल्या. पुढे, चार ओळी सोडून, वकील खिडकीशी बसली होती आणि तिचं डोकं शेजारच्या बाईच्या खांद्यावर टेकलं होतं. गाढ झोपली होती. शेजारची बाई हलक्या हाताने तिच्या केसांतली सुटलेली पिन नीट बसवत होती. त्या मावशी होत्या. पिन बसवून झाल्यावर त्यांनी पदराने मुलीच्या हनुवटीवरचा थेंब टिपला, आणि ते टिपणं पाहूनच बाईंना कळलं की ही आईच असणार. हॉस्पिटलच्या आधीच्या थांब्यावर मावशींनी वकिलाला हलवून जागं केलं, तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः एकट्या उतरून भराभरा चालू लागल्या. वकील पुढच्या थांब्यावर उतरली. फाटकापाशी मैत्रिणी उभ्या होत्या.

त्याच दुपारी वर्गात वकील म्हणाली, “मावशी, पुढचं तुम्ही वाचता की मी वाचू?”

तुम्ही. जन्मदात्या आईला तुम्ही आणि मावशी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी हुशार मुलगी आणि आईची लाज वाटते, वॉर्डात फरशी पुसणाऱ्या आईची. बाई तिला काही बोलल्या नाहीत, पण तिच्या वादांना त्या आता थोडक्यात उत्तरं देऊ लागल्या. वकिलालाही ते जाणवलं असावं. ती गप्प राहू लागली.

खरं सांगायचं तर तो राग सगळा वकिलावरचा नव्हता. बाईंना स्वतःचं एक देणं होतं. बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी ते लिहून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गोष्ट लिहिली आणि ती पाऊण पानात मावली. कॉलेजची परीक्षा आहे. मुलगी चष्मा घरी विसरली आहे. तिची आई लाँड्रीत काम करते. ती अर्ध्या कामातून उठून, हातावर निळीचे डाग, साडीचा खालचा काठ भिजलेला, तशीच धावत, घरून चष्मा घेऊन फाटकापाशी येते. मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात उभी आहे. आई चष्मा पुढे करते. एक मैत्रीण विचारते, “या कोण गं?”

तिथून पुढची ओळ बाईंनी लिहिली नाही. शुक्रवारी त्यांनी वर्गाला सांगितलं की मासिकातली गोष्ट आहे, शेवटची ओळ मी कापून ठेवली आहे, ती प्रत्येकीने लिहायची. एकच ओळ.

मुली खाली माना घालून लिहू लागल्या. बाई खिडकीशी उभ्या होत्या. वकिलाकडे पाहायचं त्यांनी टाळलं, पण तिचं पेन बराच वेळ हवेतच होतं हे त्यांना दिसलं. मग मुलींनी एकेक ओळ वाचली. कुणाच्या गोष्टीत मुलगी रडून आईच्या गळ्यात पडली. कुणाच्यात घंटा वाजली आणि उत्तर द्यावंच लागलं नाही. त्या पळवाटेला सगळ्यांनी दाद दिली. एकीच्या गोष्टीत चष्मा दुसऱ्याचाच निघाला.

मावशींची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या, कागदाखाली बोट धरलं आणि सावकाश वाचलं:

“मुलीने तोंड उघडायच्या आत ती बाईच म्हणाली, मी यांच्या शेजारची. हिच्या आईने चष्मा पाठवलाय.”

बाईंचा हात खिडकीच्या गजावर होता, तो तिथेच राहिला. 

वकील उभी राहिली. तिच्या हातातला कागद तिने वाचला नाही. ती पूर्ण मागे वळली.

“आई, तू नेहमी असंच करतेस,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “मला विचारायच्या आत तूच शेजारीण होतेस.”

मुली आधी वकिलाकडे बघत राहिल्या, मग मावशींकडे. झोपाळू म्हणून प्रसिद्ध असलेली एक मुलगी हळूच शेजारणीला म्हणाली, नाकं तर सारखीच आहेत की, आपल्याला कसं दिसलं नाही. मावशी हातातल्या कागदाची घडी घालत होत्या. घडीवर घडी, पुन्हा घडी, कागद बोटाएवढा झाला. मग त्या म्हणाल्या, “बस खाली. तास चालू आहे.” आणि स्वतः बसल्या. वकील मात्र आपल्या बाकावर बसली नाही. पिशवी उचलून ती मागच्या बाकावर गेली आणि आईच्या शेजारी, अगदी खेटून बसली. तासात पुढे काहीच झालं नाही. बाईंनी पाच मिनिटं आधी वर्ग सोडला.

सगळ्या गेल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले. वकिलाचा कागद त्यांतच होता. तिने लिहिलं होतं, ‘मुलगी म्हणाली, ही माझी आई आहे, पण मी तसं म्हणायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे.’

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी महिनाभर त्या मुलीला मनातल्या मनात किती बोल लावले होते. चोवीस वर्षं लोकांना वाचायला शिकवलं आणि समोरची दोन माणसं उलटी वाचली.

मावशी दाराशी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, “बाई, ती गोष्ट आमच्यासाठी आणली होती का?”

बाई हो म्हणाल्या. त्यांनी बसमध्ये पाहिलं ते सांगितलं, आपला काय समज झाला तेही सांगितलं, आणि मावशींची माफी मागितली. मावशी आत येऊन बाकाच्या टोकाला बसल्या.

“शपथ मीच घातली,” त्या म्हणाल्या. “ती लहान असल्यापासून या वॉर्डात लोक मला हाक मारतात, ए मावशी, इकडे पुस, ए मावशी, भांडं उचल. तिने ते ऐकायचं आणि तिच्या मैत्रिणींनीही ऐकायचं, म्हणजे तिची मान खाली. शिवाय ती पहिली येते. कुणी म्हणायला नको की आई आत आहे म्हणून येते. पहिल्या दिवशी ती किती भांडली माझ्याशी. दोन दिवस बोलली नाही.”

बाईंनी विचारलं, “आणि त्या गोष्टीतली आई? तिला वाईट वाटलं नसेल?”

“ती घरून निघतानाच ठरवून आली असेल, बाई. वाईट वाटायला आधी आशा करावी लागते.” मग मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. “पण आज वकिलीण बोलली ना, तेव्हा कळलं. आपण ठरवून टाकतो, आणि पोरांना बोलायला जागाच ठेवत नाही. माझंही चुकलं.”

पुढच्या शुक्रवारी मुली जागेवर बसतात न बसतात तोच मूळ लेखकाची शेवटची ओळ काय ते विचारू लागल्या. बाईंना खोटं बोलवेना. त्यांनी सांगितलं की गोष्ट मासिकातली नाही, माझी आहे, आणि शेवटची ओळ मी कापली नव्हती, मला ती लिहिताच आली नाही. एकोणीस वर्षांची असताना मी मैत्रिणींना म्हणाले होते की या आमच्या शेजारच्या आहेत. आई लगेच म्हणाली, हो, हिच्या आईने चष्मा पाठवलाय. नीट लिही गं, असं म्हणून निघून गेली. घरी आम्ही दोघींनी तो विषय कधीच काढला नाही. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली.

सांगून झाल्यावर बाईंना आपण हे वर्गात का सांगितलं असं वाटायला लागलं. पण मुली काही विचित्र वागल्या नाहीत. वॉर्डात त्या रोज यापेक्षा जड गोष्टी ऐकत होत्या. पंख्याखालच्या बाकावरची मुलगी उठली आणि बाई बसल्या होत्या तिथे टेबलावर पाण्याची बाटली ठेवून गेली. वकिलाने हात वर केला. ती म्हणाली, “बाई, तुमच्या आईने ‘नीट लिही’ म्हटलं ना, तीच शेवटची ओळ. ती लिहा.”

बाईंनी पेन काढून तिथल्या तिथे, हजेरीपटावर ठेवलेल्या त्या पाऊण पानाखाली, ती ओळ लिहिली.

वर्ष पुढे सरकलं. वकील पुन्हा वाद घालू लागली, फक्त आता ती मागच्या बाकावरून घाली, आणि मावशी वाचताना एखाद्या शब्दाशी अडल्या तर ती तोंडातला शब्द ओठांवर दाबून धरी. आईला तो शब्द स्वतः सापडला की तिचाच जीव भांड्यात पडे. दोघी आता एकाच थांब्यावर उतरत. वॉर्डात काही दिवस कुजबूज झाली, मग ती नवलाई संपली. मोठ्या सिस्टरना तर पहिल्यापासून ठाऊक होतं. प्रवेशाचे अर्ज त्यांनीच तपासले होते. कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षअखेरच्या निकालात भाषेच्या पेपरात कुणीच नापास नव्हतं. वकील दुसरी आली, आणि आपला पहिला नंबर कुठे हुकला याची चौकशी करायला दोनदा ऑफिसात जाऊन आली. मावशींना शंभरात एकेचाळीस. त्यांना नवजात बाळांच्या वॉर्डात जागा मिळाली. तिथे नवा गणवेश होता, आणि त्याच्या खिशावर त्यांचं पूर्ण नाव शिवलेलं होतं. पहिले काही दिवस त्या चालता चालता खिशावर हात ठेवून पाहत.

एका दुपारी बाई रिकाम्या वर्गात नव्या मुलींसाठी झेरॉक्स लावत होत्या तेव्हा मावशी आल्या. बाळांच्या वॉर्डाची जेवणाची सुट्टी होती. त्या म्हणाल्या, परीक्षा झाली, आता मला कुणी काही वाचायला देत नाही. बाईंनी इतका आनंद बऱ्याच दिवसांत अनुभवला नव्हता. त्यांनी अख्खी फाइल उचलून मावशींच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, घेऊन जा, सावकाश वाचा, परत द्यायची घाई नाही.

मावशींनी फाइल उघडून पाहिली. जाडी बोटांनी मोजली. मग वरच्या दोन कविता काढून घेतल्या आणि फाइल परत बाईंकडे सरकवली.

“दोनच द्या,” त्या म्हणाल्या. “संपल्या की येईन.”